पुण्याला न पाठवणाऱ्या ताईस

प्रिय ताई,

तुझं नाव इथे लिहीत नाही. बडोद्याच्या दांडियाबाजारात नावावरून आडनाव, आडनावावरून वाडा आणि वाड्यावरून आजोबा गायकवाडांच्या कोणत्या खात्यात होते, इथपर्यंत लोक चहा निवायच्या आत पोचतात. तू वाचशील तेव्हा तुला कळेलच. बाकीच्यांना कळून काय करायचंय?

माझं बी.ए. संपत आलं तेव्हा घरात चर्चाच नव्हती. एम.ए. म्हणजे पुणे. सदाशिव पेठेत आत्या, कोथरूडला मावशी, पोरगी आपल्या माणसांत राहील. बडोद्याच्या मराठी घरांना पुणं हे परगाव वाटतच नाही, ती आपल्याच घराची मागची खोली असते. मी तुझ्याकडे आले होते ती विषय कोणता घ्यावा हे विचारायला. ते तू झटक्यात उरकलंस आणि म्हणालीस, "ते ठीक आहे. पण तिथे तुला मैत्रिणी कोण मिळणार? कुठल्या मैत्रिणी म्हणतेय ते कळतंय ना?"

ताई, आभार मानायचे आहेत ते या प्रश्नाचे. मी मुलींच्या प्रेमात पडते हे तुला आधीच सांगितलं होतं, आणि तू ते नीट ऐकूनही घेतलं होतंस. पण फी, अभ्यासक्रम, हॉस्टेल यांच्याच रांगेत हाही मुद्दा बसवायचा असतो, असं मला कुणी म्हणालं नव्हतं. बाकीच्या मुलामुलींचं कॉलेज ठरताना हा हिशेब होतोच की. आमच्या आत्याचं लग्न कॉलेजातच जमलं आणि ती गोष्ट घरात कौतुकाने सांगतात. आपण तोच हिशेब केला की मात्र "शिकायला जातेस की कशाला?"

मग तू प्रश्न काढत गेलीस आणि मी वहीच्या मागच्या पानावर उतरवत गेले. हॉस्टेलचं फाटक किती वाजता बंद होतं? एक रात्र बाहेर राहायचं तर घरची सही लागते का? समुपदेशक आहे असं माहितीपत्रकात छापतात, पण ती ऐकलेलं स्वतःपाशी ठेवते की वॉर्डनच्या कानावर घालते? दोन मुली एका खोलीत राहिल्या तर कुणाला काही वाटत नाही, हा आपला फायदा; पण एकदा कुजबुज सुरू झाली की पहिला फोन घरी जातो, म्हणून हे आधी विचारायचं. आणि कॅम्पसवर क्वीअर ग्रुप, म्हणजे समलिंगी वगैरे आपल्यासारख्यांचा गट, असेल तर त्यात मुली किती, आणि ते भेटतात कुठे?

या शेवटच्यावर तू अडून बसलीस. ग्रुप पुष्कळ ठिकाणी असतो गं, म्हणालीस, पण बघावं तर सगळे मुलगेच. भेटायचं रात्री उशिरा, तेही तिकीट काढून कुठल्या तरी बारमध्ये. जिला साडेनवाच्या आत फाटकात शिरायचंय आणि घरून मोजके पैसे येतात, तिने त्याचं काय करायचं? मुली जमतात त्या दुपारी, कुणाच्या तरी खोलीवर, सिनेमा बघायला नाहीतर नुसतं खायला. ते जाहिरातीत दिसत नाही, शिकून गेलेल्या मुलींना विचारावं लागतं. अशा दोघींचे नंबर तू त्यांना विचारून मला दिलेस.

पुण्याला तू वाईट म्हणाली नाहीस. तिथे २०११ पासून प्राइडची मिरवणूक निघते, समलिंगी लोकांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट तर त्याच्याही आधीपासून आहे. "पण पुण्यात तुला बडोद्यापेक्षा जास्त लोक ओळखतात," एवढंच म्हणालीस. खरंच होतं ते. लक्ष्मी रोडवर कुणाचा हात धरून चालले असते तर बातमी कोथरूडला माझ्या आधी पोचली असती.

शेवटी मुंबई ठरली, पण त्याच्या आधी तू मला बडोदं दाखवलंस, ते मला फार आवडलं. इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजच्या आजूबाजूला वाढलेल्या कुणालाही चित्रकार भूपेन खख्खर माहीत असतात; १९८० च्या दशकात या गावात बसून त्यांनी पुरुषांचं पुरुषांवरचं प्रेम उघड रंगवलं. "पण मुलींचं कोण सांगतं?" असं म्हणून तू मला विकल्पबद्दल सांगितलंस. ही संस्था याच शहरातून बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांसोबत काम करते, खेड्यापाड्यांतल्यासुद्धा. तिथल्या माया शर्मांनी कष्टकरी घरांतल्या अशा बायकांच्या कहाण्या लिहिल्या, ते पुस्तक २००६ चं. मी तोवर समजत होते की हे सगळं मुंबई-दिल्लीच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलींचं आहे. कमाटीबागेपासून रिक्षाच्या अंतरावर माझ्या आईच्या वयाच्या बायका असतील, हे डोक्यातही आलं नव्हतं.

डेटिंग ॲपबद्दल तू जे बोललीस तेही इथे लिहिते, कुणाच्या तरी कामी येईल. बडोद्यात अंतर वाढवत गेलं की आणंद येतं, भरूच येतं, शेवटी अहमदाबाद, आणि चेहरे तेच तेच. त्यातले काही मुलीच्या नावाने बसलेले पुरुष. फोटोत गल्ली, कॉलेजचं ओळखपत्र, गरब्याचा पास असलं काही दिसू द्यायचं नाही. आधी व्हिडिओ कॉल, मग दिवसाउजेडी गर्दीच्या ठिकाणी भेट, आणि कुठे जातेय ते एका तरी मैत्रिणीला माहीत हवं. आणि मोठं शहर मिळालं म्हणून पहिल्याच महिन्यात कुणी भेटेल असं धरून चालायचं नाही. हे शेवटचं मला तेव्हा पटलं नव्हतं!

प्रवेशाच्या वेळची गंमत तुला सांगायची राहिलीय. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र असतं ना, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकांचं वेगळं? यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून दिलेला त्रासही घातला, तो नियम तू मला उघडून दाखवला होतास. बाबांनी 'नियम वाचले, समजले' यावर न वाचता सही ठोकली. मी शेजारी उभी राहून हसू दाबत होते.

मुंबईत आता बरी रुळलेय. १९९५ साली स्त्री संगम म्हणून सुरू झालेला आणि पुढे लाबिया झालेला, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा गट याच शहरातला. त्या पिढीच्या बायकांना ऐकायला मिळालं की आपण पहिल्याच आहोत हा तोरा उतरतो. आमचा स्वतःचा घोळका रविवारी जमतो. निम्मा वेळ पीजीचं भाडं आणि गाईड या दोन दुःखांवर जातो. एकीशी काही महिने जमलं, मग मोडलं, आणि तीही त्याच घोळक्यात वडापाव खात असते. "आपलं जग लहान आहे, मोडलं तरी बोलणं टाकू नकोस," असं तू म्हणाली होतीस, म्हणून मीच आधी तिच्या शेजारी जाऊन बसले. अवघड गेलं, पण आता तिच्याकडूनच नोट्स घेते.

घरी अजून काही सांगितलेलं नाही. सांगायची घाई करू नकोस, आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, असं तूच बजावलं होतंस. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता नाकारली, त्या निकालानंतर आमच्यात बरीच जणी खचल्या होत्या, तेव्हाही तुला फोन केला, आणि तू तासभर नुसती ऐकत राहिलीस. त्याचेही आभार.

आता एक विचारायचंय. आपल्याच भागातली एक मुलगी यंदा बारावीला आहे. तिने मला गोल गोल फिरवत विचारलं आणि मला लगेच कळलं. वहीचं ते पान मी तिला पाठवलंय, पण ॲडमिशनच्या भानगडी आता बदलल्यात आणि तिचे वडील जरा कडक आहेत, ते तू जास्त चांगलं हाताळशील. तिला तुझा नंबर देऊ का? नको असेल तर तसं सांग, तुझा विषयसुद्धा काढणार नाही.

तुझी,
वरच्या मजल्यावरची