हौशी संगीतकाराला मंचाआधी दोन तास तालीम द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती गेले की ठाण्यात आणि वाशी-नेरूळकडे दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू होते. अशा कार्यक्रमात आयोजक कधी कधी परिसरातल्याच एखाद्या हौशी संगीतकाराची नवी चाल घेतात, हे फार चांगले आहे. दिवसभर नोकरी करून रात्री हेडफोन लावून चाली बांधणारी माणसे इथे पुष्कळ आहेत. आपली रचना सात-आठ वादकांच्या हातून समोर वाजताना ऐकणे हा त्यांच्या आयुष्यातला मोठा प्रसंग. चालीत दोष नसतानाही तो अनेकदा हातचा जातो, कारण वादकांपुढे नीट कागद नसतो आणि तालीम झालेली नसते. साउंड चेकच्या गडबडीत फोनवरचा डेमो ऐकवला जातो, वादक अंदाजाने साथ करतात आणि संगीतकाराला वाटते की आपलेच काही चुकले.

आयोजकांनी अशा रचनेसाठी कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी, त्याच वादकांसह, दोन तासांची एक तालीम ठेवावी, एवढीच आमची मागणी आहे. ती का हवी आणि तिच्यासाठी संगीतकाराने काय तयार ठेवायचे, हे जरा सविस्तर लिहितो.

संगणकावरच्या डेमोमधली बासरी कधी श्वास घेत नाही. ६० च्या लयीत १६ मात्रांची सलग ओळ म्हणजे १६ सेकंद. माणसाला ८-१० सेकंदांनी तरी दम घ्यावा लागतो, मग तो गायक असो वा बासरीवादक. श्वासाची जागा संगीतकाराने ठरवली नाही, तर वादक ती स्वतः काढतो आणि नेमका शब्द किंवा मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) तुटते. दुसरी फसगत आवाजाच्या पातळीची. संगणकात मंद्रातली (खालच्या सप्तकातली) बासरी ढोलकीच्या वर आणायला बोटाने एक खूण सरकवली की झाले. मंचावर तीच बासरी ढोलकीखाली बुडते आणि माइक वाढवला की शिट्टी येते. अशा ठिकाणी बासरीची ओळ तार सप्तकात न्यावी किंवा तेवढ्या आवर्तनांत ढोलकी थांबवावी. व्हायोलिनचेही तसेच. सॉफ्टवेअरमधला ‘स्ट्रिंग्ज’चा आवाज मोठ्या ताफ्याचा असतो आणि प्रत्यक्षात दोन वादक मिळतात. दोघांना एकच ओळ दिली तर सुरातला बारीकसा फरकही उघडा पडतो. एकच व्हायोलिन ठेवावे, नाही तर तीन. दोनच असतील तर त्यांना दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात.

आता कागद. आपल्याकडे एकाच मंचावर दोन लिप्या वाचणारे लोक बसतात. मुंबईच्या स्टुडिओंत सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा मूळ गोव्याच्या संगीतकारांनी स्टाफ नोटेशनची, म्हणजे पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीची, शिस्त रुजवली. व्हायोलिन, चेलो, सॅक्सोफोन वाजवणारे बहुतेक जण आजही तेच वाचतात. सतार, बासरी, हार्मोनियमवाल्यांना सरगम हवी असते आणि गायकाला शब्दांखाली सरगम. दोन्ही कागद करावेत, पण बारचे किंवा आवर्तनाचे आकडे दोन्हींत तेच ठेवावेत. तालमीत ‘३३ पासून घ्या’ म्हटले की सगळ्यांचे बोट एकाच जागी गेले पाहिजे. ‘दुसऱ्या अंतऱ्यानंतरच्या पीसच्या (कडव्यांमधल्या वाद्यांच्या तुकड्याच्या) मधून’ असे सांगत बसण्यात तालमीचा निम्मा वेळ जातो.

सरगम व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली आणि तारेला वर टिंब असते. टाइप केलेल्या संदेशात ही रेघ आणि हे टिंब उडतात. मग कोमल गंधार शुद्ध वाजतो आणि मंद्र निषाद मध्य सप्तकात जातो. हाताने स्वच्छ लिहून त्याचा फोटो पाठवला तरी चालेल.

कीबोर्डवर वाजवलेले थेट नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये आणणाऱ्यांची एक चूक नेहमी होते. हात किंचित मागेपुढे पडलेला असतो आणि सॉफ्टवेअर तो प्रामाणिकपणे छापते, त्यामुळे बत्तिसाव्या भागांच्या विरामांनी पान काळे होते. छापण्याआधी स्वरांच्या जागा आणि लांबी क्वांटाइझ करावी, म्हणजे जवळच्या नेमक्या मात्राभागावर बसवावी, आणि मग प्रत्येक ओळ स्वतः तोंडाने म्हणून पाहावी. म्यूझस्कोअर हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर ते रंगाने दाखवते, त्या रंगाकडे दुर्लक्ष करू नये. व्हायोलिनची सर्वांत खालची तार पांढरी पाचची (हार्मोनियमच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या सी पासून मोजतात, म्हणजे ही जी). गाणे काळी एकमध्ये असेल तर मंद्र पंचम वाजतो. गायिकेसाठी तेच गाणे खाली काळी चारला आणले की तो पंचम व्हायोलिनवर उरतच नाही. पट्टी बदलली की सगळे पार्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद, पुन्हा तपासावे लागतात ते यासाठी.

पट्टीचा सर्वांत मोठा घोळ क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या बाबतीत होतो. नेहमीचे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटचे असते, म्हणजे कागदावर लिहिलेल्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजते. गाणे काळी एकमध्ये असेल तर या वादकाचा कागद काळी दोनमध्ये हवा. अल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा कागद काळी पाचमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्सर्ट पिच’ (सगळ्या वाद्यांचे प्रत्यक्ष ऐकू येणारे सूर दाखवण्याची सोय) चालू ठेवून पार्ट छापला, की क्लॅरिनेट सगळ्यांच्या एक स्वर खाली ऐकू येते आणि दोष वादकाला लागतो. पार्टच्या डोक्यावर ‘गाण्याची पट्टी काळी एक, हा कागद काळी दोन’ असे मराठीत लिहून ठेवले तर तालमीत प्रश्नच येत नाही. काळी एक स्टाफवर लिहिताना सी शार्प न धरता डी फ्लॅट धरावे. सात शार्पऐवजी पाच फ्लॅट वाचणे कुणालाही सोपे.

पुनरावृत्तीच्या खुणा, उड्या, ‘इथून तिथे जा’ हे सगळे टाळावे. चार मिनिटांचे गाणे सरळ लिहून काढावे, दोन पाने वाढली तरी हरकत नाही. पान उलटण्याची जागा विरामावर यावी. मोठ्या विरामानंतर वादक आत येणार असेल, तर त्याच्या आधीच्या दोन बारमध्ये गायकाचे शब्द किंवा दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक अक्षरात द्यावी. नुसता ‘२४ बार थांबा’ असा आकडा दिला की कुणीतरी मोजायला चुकतोच.

तबल्याला मात्र प्रत्येक बोल लिहून देऊ नये, तो वादकाच्या विद्येचा भाग आहे. ठेक्याचे नाव (केरवा, दादरा, भजनी, रूपक), लय, कुठून सुरू, कुठे बंद, तिहाई (तीनदा वाजवायचा शेवटचा तुकडा) कोणत्या मात्रेवर संपायची, एवढे पुरे. पट्टी मात्र आधी कळवावी. तबला मूळ सुरापासून फार तर अर्धा-एक स्वर इकडेतिकडे नेता येतो. काळी एकसाठी साधारण साडेपाच इंच तोंडाचा लागतो, काळी चार-पाचला मोठ्या तोंडाचा ढाला (खालच्या सुराचा). ऐन दिवशी पट्टी बदलली आणि वादकाजवळ दुसरा तबला नसला तर हातोडी ठोकून काही होत नाही. बासरीवादकालाही आधी पट्टी हवी, कारण त्याला त्या पट्टीची बासरी आणायची असते. सहाही भोके बंद केली की मंद्र पंचम मिळतो. त्याखाली सलग ओळ हवी असेल तर दुसरी बासरी घ्यावी लागते आणि ती बदलायला केरव्याची दोन आवर्तने तरी मोकळी सोडावी लागतात. अर्ध्या भोकावरचे कोमल स्वर द्रुत लयीत सलग लिहिले तर ते घसरतात. हार्मोनियमचा सूर जागेवर हलत नाही, कीबोर्डचा हलतो. म्हणून तालमीत दोन्ही एकदा जुळवून कीबोर्डच्या सुराचा आकडा लिहून ठेवावा.

दोन तासांच्या तालमीत पहिली वीस मिनिटे सूर लावण्यात आणि कागद वाटण्यात जातात. मग सगळी रचना ठरल्या लयीच्या थोडी खाली, न थांबता एकदा शेवटपर्यंत वाजवून घ्यावी. चुका होऊ द्याव्यात. पहिल्याच चुकीला थांबवले की वादकांना रचनेचा आकार कळत नाही आणि संगीतकाराला आपले गाणे एकसंध ऐकायलाही मिळत नाही. या फेरीचे रेकॉर्डिंग करावे आणि संगीतकाराने वादकांत न बसता समोर, श्रोत्याच्या जागी बसावे. दुसऱ्या फेरीआधी ताल-वाद्ये बाजूला ठेवून फक्त सुरांच्या वाद्यांवर पीस घ्यावेत. बहुतेक चुकीचे स्वर तिथेच सापडतात. दुरुस्ती पेन्सिलीने आणि सगळ्यांच्या कागदावर एकाच वेळी व्हावी. रचना डेमोपेक्षा रिकामी वाटते म्हणून लगेच वाद्ये वाढवू नयेत. डेमोवर कृत्रिम घुमारा चढवलेला असतो, खोलीत तो नसतो. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकून मग काय ते ठरवावे. आमच्या मते, त्या वेळी वाढवण्यापेक्षा काढून टाकण्यासारखेच जास्त सापडते.

उघड्यावरच्या दिवाळी पहाटेचे हिशोब आणखी वेगळे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकारला ठरावीक दिवशी देता येणारी सवलतही रात्री १२ पर्यंतचीच असते. म्हणजे सहाच्या कार्यक्रमाचा साउंड चेक पहाटे पाचला करता येत नाही, तो आदल्या संध्याकाळी दहाच्या आत उरकायला हवा. त्या वेळी हौशी संगीतकाराच्या रचनेचे निदान एक कडवे घ्यावे आणि माइकचे मापन लिहून ठेवावे. तळ्याकाठी पहाटे दव असते. तबल्याची पुडी (कातडे) ओलावली की सूर उतरतो, म्हणून वेळ होईपर्यंत तबला झाकून ठेवावा. गार हवेत बासरीही खाली बोलते, ती आधी फुंकून गरम करावी लागते. वातानुकूलित नाट्यगृहात बासरी तशीच उतरते, पण कोरड्या हवेने पुडी ताणून तबला चढतो, म्हणजे दोघे उलट दिशांना जातात. उजाडण्याआधी कागद दिसायला स्टँडवर छोटे दिवे हवेत आणि वाऱ्यासाठी कपड्यांचे चिमटे, प्रत्येक स्टँडला चार.

कविता दुसऱ्याची असेल तर परवानगी आधीच लेखी घ्यावी. आपल्या कायद्यात शब्दांचा हक्क आणि चालीचा हक्क वेगळा आहे आणि कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे शब्दांचा हक्क टिकतो. १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कवितेला चाल लावायला कुणाला विचारावे लागत नाही. १९९९ साली गेलेल्या कुसुमाग्रजांच्या कवितेसाठी २०५९ अखेरपर्यंत विचारावे लागेल.

नाट्यगृहाची तारीख मिळणे अवघड असते हे आम्ही जाणतो, पण या तालमीला नाट्यगृह लागत नाही. शाळेचा वर्ग, सोसायटीचे सभागृह, ग्रंथालयाची दुपारी मोकळी असणारी खोली चालते. आठ खुर्च्या, आठ स्टँड, दोन प्लग आणि पंखा बंद करण्याची मुभा (कागद उडतात आणि रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते) एवढीच सोय हवी. वादकांना त्या दोन तासांचेही मानधन द्यावे आणि ते कार्यक्रमाच्या खर्चात पहिल्यापासून धरावे. संगीतकाराकडून पार्ट तालमीच्या दोन आठवडे आधी मागावेत आणि ते आले नाहीत तर रचना पुढच्या वर्षीसाठी राखून ठेवावी. यंदाच्या निमंत्रणपत्रांत या तारखा छापता येण्याइतका वेळ अजून आहे.

आपले,
ठाण्यातील काही वादक आणि संगीत संयोजक