जोडीदार म्हणजे फुकटचा मदतनीस नव्हे

मा. संपादक,

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या दिव्यांग मुलाशेजारी एखादी हुशार, शांत मुलगी बसवली जाते आणि ‘याच्याकडे लक्ष ठेव’ म्हटले की त्या मुलाला वर्गातला जोडीदार मिळाला आणि समावेशित शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांचे इतरांसोबत एकाच वर्गात शिकणे, झाले असे समजले जाते. पोळ्यापर्यंत ती मुलगी कंटाळते. तिची आई शाळेत येऊन विचारते, माझ्या पोरीने स्वतःचा अभ्यास कधी करायचा? प्रश्न रास्त आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने या मुलांना घराजवळच्या शाळेत इतरांसोबत शिकण्याचा हक्क दिला. पण साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला शिक्षक दोनच, आणि दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक अनेक शाळांत वाटलेले. रोज सोबत असते ते शेजारचे मूलच. म्हणून जोडीदार हवा, पण नीट ठरवून.

एक नको, तीन असावेत. पंधरवड्याने पाळी बदलावी. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला, गडचिरोली-गोंदियाकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचायला मुले घरच्यांबरोबर जातात. जोडीदार एकच असला तर नेमका तोच गैरहजर. तिघांपैकी एक त्या दिव्यांग मुलाच्याच टोल्यावरचा किंवा पोडावरचा (वस्तीवरचा) असावा, म्हणजे जाण्यायेण्याची सोबत होते. एकाच खोलीत अनेक इयत्ता बसणाऱ्या बहुवर्ग शाळेत वरच्या इयत्तेतले मूल छान सांभाळून घेते. मात्र चौथीनंतर ते निघून जाते, म्हणून एक बरोबरीचे हवेच.

या तिघांना आधी शिकवावे लागते. रोज वीस मिनिटे, तीन दिवस पुरतात. दृष्टिहीन मुलाचा हात ओढायचा नाही. त्याने जोडीदाराचे कोपर धरायचे आणि अर्धे पाऊल मागून चालायचे. पायरी आली की ‘वर’ की ‘खाली’ ते तोंडाने सांगायचे. कमी ऐकू येणाऱ्याशी बोलताना खिडकीकडे पाठ करू नये, नाहीतर चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. ओरडूनही उपयोग नाही, ओठांचा आकार बिघडतो. लिहायला वेळ लागणाऱ्यासाठी जोडीदाराच्या वहीत कार्बन पेपर घातला की एका लिहिण्यात दोन प्रती होतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचे, मगच पहिली खूण द्यायची. इथेच सर्वाधिक चुकते. मदतीच्या उत्साहात जोडीदार स्वतःच गणित सोडवून देतो, वही तपासताना गुरुजींना सगळे बरोबर दिसते आणि मूल होते तिथेच राहते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल वेगळे सांगायला हवे. कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तो आहे आणि पूर्व विदर्भात तो अनोळखी नाही, तरी वर्गात ते मूल दिव्यांग म्हणून कुणाला दिसत नाही. त्याला पाणी वारंवार लागते, लघवीलाही वारंवार जावे लागते, कारण त्याच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही. थंडी, दमछाक आणि पाणी कमी पडणे यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. जोडीदाराचे काम इथे दोनच गोष्टींचे: बाटली भरलेली आहे ना ते बघणे आणि मूल ‘दुखते’ म्हणाले किंवा अंग तापले की लगेच गुरुजींना सांगणे. ताप असेल तर शाळा सुटायची वाट न बघता मोठ्यांनी त्याला दवाखान्यात न्यावे. आजाराचे नाव मात्र पालकांच्या संमतीशिवाय वर्गात घेऊ नये. पुढे सोयरिकीत अडेल ही आईबापांची धास्ती गावात राहणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

शौचाला नेणे, कपडे बदलणे, उचलून घेणे, औषध देणे यांतले काहीही मुलांवर टाकू नये. ते मोठ्या माणसाचे काम आहे. त्यासाठी माणूस नाही म्हणून नऊ वर्षांच्या पोराला पुढे करणे ही आमच्या मते सरळ पळवाट आहे, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे मदतनीस मागणारा अर्ज न करण्याचे निमित्तही.

देणेघेणे दोन्हीकडून व्हावे. ज्याला चालता येत नाही तो खो-खोत गुण मांडू शकतो, पाढे पाठ असतील तर तेच जोडीदाराकडून म्हणवून घेऊ शकतो. आठवड्यातून एकदा तरी अशी उलटी पाळी ठेवली नाही, तर ‘बिचारा’ हा शब्द वर्गात शिरतो आणि मग निघत नाही.

शेवटी एक कागद. तीन नावे, पाळीच्या तारखा, काय करायचे, काय नाही. एवढे हजेरीपटाच्या पहिल्या पानाला चिकटवावे. सध्या हे सगळे एका गुरुजींच्या डोक्यात किंवा मोबाइलमध्ये असते आणि बदलीचा आदेश आला की त्यांच्याबरोबर निघून जाते.

आपले,
समावेशित शिक्षणाचे काम करणारे काही शिक्षक,
जि. यवतमाळ