पाइप फुटला होता, ओल आली नव्हती

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गृहविमा विभाग

विषय : 'भारत गृह रक्षा' पॉलिसीखालील दावा नामंजूर केल्याबद्दल

महोदय,

आमची कोथरूडची इमारत 1987 सालची. पाइपही तेव्हाचेच, जीआयचे म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचे, भिंतीत गाडलेले. पॉलिसीच्या अर्जात बांधकामाचे वर्ष मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. जुन्या पाइपांचे काय, हेही तुमच्या प्रतिनिधीला तेव्हाच विचारले होते. ते म्हणाले, "काका, त्यासाठीच तर घ्यायची."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहाटे चारला ओट्यामागचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणाचा जोड, फुटला. व्हॉल्व्ह गच्चीवर. वॉचमनला उठवून तो बंद करेपर्यंत पाऊण तास गेला. ट्रॉल्यांचे प्लायवुड फुगले, हॉलमधल्या दिवाणाचा तळ गेला, खालच्या वहिनींच्या छताचे पीओपी कोसळले.

त्याच दिवशी कळवूनही तुमचे सर्व्हेअर आले सहाव्या दिवशी. प्लंबरने कापून काढलेला एल्बो मी पिशवीत जपून ठेवला होता. तो त्यांनी हातातही घेतला नाही. ओल्या भिंतीचे चार फोटो काढले आणि निघाले. मग तुमचे दोन ओळींचे पत्र आले : 'जुनाट पाइपमधून दीर्घकाळ झालेली गळती, सबब दावा देय नाही.'

जीआय पाइप आतून गंजतो हे मलाही ठाऊक आहे. जस्ताचा थर गेला की लोखंड पातळ होत जाते आणि एक दिवस दाबाने फुटते. पण गंज वर्षानुवर्षे चढला म्हणून पाणीही वर्षानुवर्षे गळत होते, हे कसे? तसे असते तर रंगाला पोपडे आले असते, बुरशी दिसली असती. गौरी जेवणाच्या दिवशी ओट्यापाशी पुरणपोळ्या लाटतानाचे फोटो सोबत जोडले आहेत. मागे तीच भिंत आहे, कोरडी ठणठणीत.

पॉलिसीतल्या जोखमींच्या यादीत पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि पाइप फुटणे किंवा भरून वाहणे हे स्पष्ट लिहिले आहे. त्या ओळीत पाइपाच्या वयाची अट मला सापडली नाही. वय चालत नव्हते तर हप्ता घेताना कसे चालले?

मी नवा पाइप मागत नाही. स्वयंपाकघराची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकची, करून घेतली, ते 38,000 रुपये माझे मी भरले. वहिनींचे छतही मीच करून दिले. शेजार आहे, तिथे कलमे काढत बसायचे नसते. बाहेरची सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज उपविधींप्रमाणे सोसायटीच्या गळ्यात आहे, त्याचा इथे संबंध नाही. माझी मागणी आहे ती फक्त पाण्याने नासलेल्या ट्रॉल्या आणि दिवाणाची : 64,500 रुपये.

तेव्हा सर्व्हे अहवालाची प्रत द्यावी, कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते लेखी कळवावे आणि एल्बो पाहून फेरतपासणी करावी. महिन्याभरात उत्तर न आल्यास मी पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन.

आमच्या सोसायटीत 24 फ्लॅट आहेत, सगळ्यांचे पाइप एकाच वयाचे. ही पॉलिसी घ्यावी का, असे लोक मला जिन्यात थांबवून विचारतात. तूर्त इतकेच सांगतो, की थांबा, माझ्या पत्राचे उत्तर येऊ द्या.

आपला,
एक पॉलिसीधारक
कोथरूड, पुणे

सोबत : फोटो, प्लंबर व सुताराची बिले. एल्बो माझ्याकडेच आहे, पाहायला या.