आपल्या फियाटचं असं ठरवलंय

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तू म्हणतोस फियाटचं आता व्हिंटेजमध्ये रजिस्ट्रेशन करून टाक, पासिंगची कटकट कमी होईल आणि गाडीची किंमत पण वाढेल. मी तो नियम नीट वाचला. 2021 चा आहे, 50 वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात चालते, म्हणजे आपली 1970 ची आरामात बसते, जुना नंबरही तोच राहतो. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही रे, फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला नाहीतर गॅरेजला न्यायला. तिथेच मी थांबलो.

आजोबांनी नंबर लावून कितीतरी वर्षं वाट बघितली होती, तेव्हा पैसे असून गाडी मिळत नव्हती, फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड हेराल्ड एवढ्यातच काय ते निवडायचं. आणि एवढी वाट बघून आलेली गाडी त्यांनी कधी झाकून ठेवली नाही. बाबांचं लग्न, माझं बारसं, तुझं हाड मोडलं तेव्हा ससूनला, सगळीकडे तीच. त्यांची ती निळी वही अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, प्रत्येक ऑइल बदललेलं, ग्रीसिंग केलेलं, किलोमीटरसकट लिहिलंय. मी तीच वही पुढे चालू ठेवलीय.

आता मे महिन्यात आईला घेऊन वाईला गेलो. खंबाटकी चढताना अर्ध्यात गाडी गचके द्यायला लागली आणि बंद. तुला आठवतं ना, उन्हात इंजिन तापलं की टाकीतलं पेट्रोल इंजिनाला ओढून देणारा जो छोटा पंप आहे, त्यातच पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरला पुढे काही जातच नाही. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, आईने न सांगताच पाण्याची बाटली आणि आजोबांचा पंचा पुढे केला. ओला करून पंपावर गुंडाळला, हात लावून बघत बसलो, पंधरा मिनिटांनी पंप गार लागला तेव्हा चावी फिरवली, दुसऱ्या स्टार्टरला घेतली. 1089 सीसीचं इंजिन, पण सेकंडवर न कुरकुरता वर आलं. आई मागे न बसता पुढेच बसते अजून, ती लांब सीट आहे ना, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्यामुळे मध्ये काही येत नाही, तिच्या मांडीवर दुरडी मावते.

ही गाडी शोकेसमध्ये ठेवली ना तर सहा महिन्यांत मरेल. ब्रेकचे सिलेंडर जाम होतात, टाकीत गंज धरतो, रबर कडक होऊन तडकतं. चालती ठेवली म्हणूनच 55 वर्षं टिकली, असं मला मनापासून वाटतं.

खरी काळजी वेगळीच आहे. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या, तेव्हा लोकांनी फोटो काढले, मला मात्र त्या दिवशी पोटात गोळा आला. पद्मिनी म्हणजे आपल्याच गाडीची धाकटी बहीण, इंजिनाचे बरेच पार्ट तेच. टॅक्सीवाल्यांमुळेच ते पार्ट दुकानांत मिळत होते, आता दुकानदार नुसती मान हलवतात. त्यात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलंय, जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा, ते सोसत नाहीत. पाइप मी सगळे बदलून घेतले, इथेनॉलला चालणारे. डायफ्राम तसा मिळत नाहीये.

म्हणून तुला एक काम सांगतोय. तू कुर्ल्याच्या जवळ राहतोस, सीएसटी रोडवर जुन्या पार्टवाल्यांकडे एकदा चक्कर मार, डायफ्राम असलेला पंपाचा किट मिळाला तर दोन घे, जुना स्टॉक असेल तर रबर वाकवून बघ, चिरा दिसल्या तर घेऊ नकोस. गाडी बनली कुर्ल्यातच, पार्टही तिथेच सापडेल असं मला उगाच वाटतं.

दिवाळीत ये. पंप आपण दोघं मिळून खोलू, जुने पाने आजोबांच्या पेटीत तसेच आहेत. आई म्हणते त्याला सांग, यायचं तर चकल्या तळायच्या आधी ये.

तुझाच

ता.क. वहीत तुझ्या हाताने लिहिलेली एक ओळ सापडली, 1994 ची, 'स्टेपनीत हवा भरली'. खाली आजोबांची सही आहे.