चिंगीच्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

चिंगी आता पोटभर जेवते. त्यासाठी तुमचे आभार मानायचेच आहेत, पण तुम्ही समजावलेलं घरोघरच्या मांजरवाल्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

"शिंका मोजत बसू नका, शिंकेबरोबर आणखी काय आहे ते बघा," असं तुम्ही म्हणालात. उदबत्तीच्या धुराने किंवा झाडताना उडालेल्या धुळीने मांजर एक-दोनदा शिंकतं आणि पुन्हा खेळायला लागतं. चिंगीचं तसं नव्हतं. डोळ्यांत चिपडं, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, आणि आवडीची मासळीसुद्धा तिने नुसती बघून सोडली होती. तुम्ही तिचं तोंड हळूच उघडून टॉर्चच्या उजेडात जिभेच्या कडेची लालभडक जखम दाखवलीत आणि हे कॅलिसी विषाणूचं लक्षण असल्याचं सांगितलंत. मांजरांच्या सर्दीमागे बहुतेकदा हा नाहीतर हर्पिस विषाणू असतो. हर्पिस तर अंगात जन्मभर दबा धरून राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं की त्या ताणाने परत डोकं वर काढतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, वरून झालेल्या जिवाणूंच्या संसर्गासाठी आहे, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. इतकं कोण सांगतं हो?

मांजर वासावर जेवतं, नाक चोंदलं की अन्नावरची वासनाच उडते, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं. म्हणून जेवण कोमट करून द्यायचं, बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडून तिला थोडा वेळ तिथे ठेवायचं. सासूबाईंनी पॅरासिटॅमॉलचं विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना शेजारी बसवून सांगितलंत, की मांजराच्या यकृताला ते पचत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, एका गोळीनेही मांजर दगावतं. त्या आता हे सगळ्या सोसायटीला सांगत असतात.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकातून रक्त येणं, दिवसभर काहीच न खाणं, यात थांबायचं नाही. पिल्लू असेल तर त्याहून लवकर. एकाच नाकपुडीतून सतत वाहत असेल तर आत गवताचं कुसळ अडकलेलं असू शकतं, कधी दाताचं मूळही पिकलेलं असतं.

जिन्याखालची पिल्लं आता आठ आठवड्यांची होतील. लशीने सर्दी पूर्ण टळत नसली तरी ती सहसा जिवावर बेतत नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यांना पहिल्या डोससाठी शनिवारी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
चिंगीची आई