आईच्या बायोप्सीचं निदान करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सादर नमस्कार.

ऑपरेशन नीट पार पडलं की नातेवाईक सर्जनना पेढे देतात. पॅथॉलॉजीच्या खोलीकडे कुणी फिरकत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत लिहितोय.

आईच्या घोट्यावरची लालसर गाठ सगळ्यांना चामखीळच वाटायची. शेतात जरा खरचटली की रक्त यायचं. जाळून टाका, असंही कुणी सुचवलं होतं. जाळली असती तर तपासायला काही उरलंच नसतं! बायोप्सीचा तुकडा तुमच्याकडे आला. पहिल्या स्लाइडवर स्क्वॅमस सेल कॅन्सर या त्वचेच्या नेहमीच्या कॅन्सरसारखं चित्र दिसत असूनही तुम्ही तेवढ्यावर सही केली नाहीत. मेणात बसवलेल्या त्याच तुकड्याचे आणखी काप घेतलेत, पेशींमधली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या सीईए आणि ईएमए या तपासण्या केल्यात आणि मगच लिहिलंत: एक्राइन पोरोकार्सिनोमा, म्हणजे घामाच्या ग्रंथीचा कॅन्सर.

मी घाबरून विचारायला आलो, तर तुम्ही मला मायक्रोस्कोपपाशी बसवलंत. गुलाबी-जांभळ्या पेशींच्या गर्दीतल्या बारीक पोकळ्या दाखवल्यात. घाम बाहेर आणणाऱ्या नळीचा जो शेवटचा भाग कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात असतो, तिथून हा आजार सुरू होतो. त्या पोकळ्या हीच त्याची ओळख. १९६३ मध्ये पिंकस आणि मेहरेगन या डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन केलं, त्वचेच्या दहा हजार गाठींत अशी जेमतेम एखादी निघते, हेही तुमच्याकडूनच कळलं. हा कॅन्सर जांघेतल्या लसिका गाठींपर्यंत पसरू शकतो, हे तुम्ही लपवलं नाहीत. त्या स्पष्ट बोलण्यानेच मला धीर आला.

सर्जननी आधी जांघेची सोनोग्राफी करून घेतली. मग भोवतालच्या निरोगी कातडीसकट गाठ काढली आणि मांडीची कातडी तिथे लावली. त्यांचेही मनापासून आभार.

काढलेला भाग पुन्हा तुमच्याच टेबलावर आला. कापलेली कड मायक्रोस्कोपखाली ओळखू यावी म्हणून त्याच्या कडांना शाई लावून तुम्ही चारही बाजू आणि तळ तपासलात. शाईपर्यंत कॅन्सरची एकही पेशी पोचलेली नाही, ही ओळ मी आईला मोठ्याने वाचून दाखवली.

आता ती ठरल्या वेळी तपासणीला येते. पुढच्या खेपेला तिला तुम्हाला भेटायचंय. थोडा वेळ द्याल ना?

आपला कृतज्ञ,
तुमच्या एका पेशंटचा मुलगा