तळमजल्याच्या खोलीतील ओल: परताव्याची मागणी व तक्रार

प्रति,
महाव्यवस्थापक,
कोमो सरोवराकाठचे आपले हॉटेल

महोदय,

तिसरा फोनही फुकट गेला, म्हणून लेखी तक्रार करत आहे.

सरोवराकडच्या खोलीत पलंगाच्या उशाकडची भिंत जमिनीपासून मीटरभर ओली आहे. ओलीच्या वरच्या कडेला क्षारांचा पांढरा लोणा फुटलाय, रंगाला फोड आलेत. एका फोडाला नख लावताच रंगाचा सबंध पापुद्रा सुटून आला आणि मागे करडे, टणक सिमेंट दिसले. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लॅस्टिक इमल्शन! हे कुणी केले?

फोनवर मी ‘ओल’ म्हटले, तर ‘जुन्या वास्तूचा तो गंध आहे’ असे उत्तर मिळाले. ‘लोणा’ म्हटले, तर ‘सरोवराकाठी असे व्हायचेच.’ मग विचारण्यात आले, ‘तुम्हाला जुन्या घरांची सवय नसेल ना?’ भिंत बघायला माणूस पाठवा, एवढेच मागत होतो. पाच मिनिटे फोनवर ताटकळत ठेवले आणि अर्ध्या तासाने खोलीत आली सुगंधी मेणबत्ती. ओल्या भिंतीसाठी मेणबत्ती! हा निव्वळ अपमान आहे.

दोष सरोवराचा नाही. याच काठावर १६व्या शतकातले व्हिला उभे आहेत. जमिनीतले पाणी दगड-विटांतून वर चढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून उडून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी आणखी वर सरकते, क्षार रंगाच्या मागे साचतात आणि रंग उचलतात. सकाळी उत्तरेकडून तिवानो वारा आणि दुपारी दक्षिणेकडून ब्रेवा वारा वाहतो. खोलीत हवा खेळावी म्हणून खिडक्यांना लाकडी झडपा आहेत. त्याही तुम्ही रंगाने चिकटवून टाकल्यात.

ओल शोषणारे यंत्र रात्रंदिवस चालवू नका, त्याने भिंतीतून आणखी क्षार ओढले जातात. ओलीच्या रेषेच्या अर्धा मीटर वरपर्यंत सिमेंट काढा, दगडांमधले सांधे दोन सेंटिमीटर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तो विरघळून परत आत मुरेल. भिंतीला वाळायला काही महिने द्या, घाई केलीत की फोड पुन्हा येतील. मग एकास तीन प्रमाणात हायड्रॉलिक (पाण्याने घट्ट होणारा) चुना व वाळूचा गिलावा आणि वर चुन्याचाच रंग द्या. बाहेरच्या फवाऱ्याचे पाणी भिंतीवर उडते, तेही थांबवा.

माझ्या मुक्कामाच्या तिन्ही रात्रींचे भाडे दहा दिवसांत परत करा. न केल्यास भिंतीचे फोटो सोप्रिन्तेंदेन्झाकडे, म्हणजे इटलीच्या वारसा-संरक्षण कार्यालयाकडे जातील. वास्तू संरक्षित असेल, तर इटलीच्या २००४च्या वारसा संहितेच्या कलम २१प्रमाणे या कामाला त्यांची परवानगी लागते. ती घेतली होती का, हेही लेखी कळवा. आणि मेणबत्ती पाठवणाऱ्यांना आधी ती भिंत दाखवा.

एक ग्राहक